जुना टू-इन-वन दुरुस्त करताना आधी काय, मग काय

माळ्यावरून टू-इन-वन, म्हणजे एकाच डब्यातला रेडिओ आणि कॅसेट प्लेअर, खाली येतो, फडक्याने पुसला जातो आणि तसाच प्लगमध्ये जातो. पाच मिनिटांत जळका वास तरी येतो, नाहीतर घातलेल्या कॅसेटच्या शेवया होतात. अशा सेटचा मूळ दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो, मोठा दोष घाईने केलेला असतो. इथे सगळा भर क्रमावर आहे, कारण चुकतो तो क्रमच.

हे सगळं साधारण १९७५ ते १९९० या काळातल्या कॅसेट-रेडिओंसाठी आहे: आखातातून आलेले नॅशनल पॅनासॉनिक, सोनी, शार्प, सान्यो आणि इथे बनलेले फिलिप्स, बीपीएल-सान्यो वगैरे. व्हॉल्व्हचे रेडिओ यात धरू नका. त्यांच्या आत दोनशे व्होल्टच्या वर डीसी फिरत असतो, ते काम वेगळं आहे.

## टप्पा १ : सेट निवडणं

बंद सेट चालेल, अर्धा सेट नको. बेल्ट मिळतो, कंडेन्सर मिळतो, स्पीकरही जुळवता येतो. कॅसेटचं झाकण, ट्यूनिंगचा मूळ नॉब, सेलच्या कप्प्याचं झाकण आणि डायलची काच मात्र मिळत नाही. मिळाली तरी त्यासाठी दुसरा आख्खा सेट विकत घ्यावा लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात विक्रेता 'फक्त बेल्ट गेलाय' म्हणतो तेव्हा बेल्टची चिंता सोडा आणि या गोष्टी मोजा.

सेलचा कप्पा उघडा. पत्र्यावर थोडी हिरवट-पांढरी पूड असेल तर साफ होते. स्प्रिंगा खाऊन गेल्या असतील आणि खाली प्लास्टिकवर ओघळ दिसत असेल, तर गळती आतल्या पीसीबीपर्यंत, म्हणजे सगळे भाग सोल्डर केलेल्या पट्टीपर्यंत, गेलेली असू शकते. हे पाहून मगच किंमत बोला.

कॅसेटचं झाकण उघडून फीत वाचणारं हेड पाहा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की चकचकीत पृष्ठभागावर फितीच्या रुंदीचा पट्टा दिसतो. नख अलगद फिरवा. पट्ट्याच्या कडेला नख अडकलं तर हेड झिजलंय. नुसता तपकिरी थर असेल तर काही बिघडलेलं नाही.

सावधान. मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेले सेट १०० व्होल्टचे असतात आणि त्यांचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो. आपल्याकडची स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये आहेत, म्हणजे दिसायला देखणा सेट घरी येऊन एफएमवर मुका राहतो. अमेरिकेतून आलेला सेट १२० व्होल्टचा असतो. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आखातातल्या सेटना बहुधा मागे किंवा सेलच्या कप्प्यात व्होल्टेजचा खटका असतो. तो २२०–२४० वर आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. कुणीतरी 'हे काय आहे' म्हणून फिरवलेला असतो.

## टप्पा २ : सामान आधी, सेट नंतर

सेट उघडून ठेवून सामान शोधायला निघालं की स्क्रू हरवतात. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीत एका फेरीत हे सगळं मिळतं: मल्टिमीटर, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, फ्लक्स, प्लास्टिकला न खाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्क्यांचं). हात धुवायच्या सॅनिटायझरने हेड पुसायची पद्धत कोरोनानंतर फार बोकाळली आहे. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, हेडवर चिकट थर बसतो. तसंच गंजलेले नट सोडवायचा स्प्रे म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. तो तेलकट राहतो आणि महिन्याभरात व्हॉल्यूम पुन्हा खरखरतो.

स्क्रू ड्रायव्हर नीट बघून घ्या. जपानी सेटच्या स्क्रूंच्या डोक्यावरची फुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की घसरून डोकं खातो. जेआयएस नसेल तर निदान टोक बसतंय का ते पाहून, ड्रायव्हर वरून दाबून फिरवा.

याशिवाय एक सिरीज लॅम्प बनवून ठेवा: होल्डर आणि सॉकेट एकमेकांना सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड, त्यात ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब चालणार नाही, तो प्रवाह मर्यादित करत नाही. मेन्सच्या वायरिंगचा सराव नसेल तर हा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एक रद्दी कॅसेटही हवी. सी-६० असेल तर उत्तम. सी-१२० ची फीत पातळ असते, ती चाचणीला नको. आणि आजीच्या ओव्यांची, बारशाच्या गाण्यांची कॅसेट शेवटच्या टप्प्यापर्यंत कपाटातून बाहेर काढायची नाही.

## टप्पा ३ : उघडणं

पाठीमागचे स्क्रू खोल भोकांत असतात आणि त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. लांब स्क्रू आखूड जागी लावला तर पुढच्या प्लास्टिकमधून बाहेर येतो. कागदावर सेटच्या पाठीचं चित्र काढा आणि निघेल तो स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवा. एक-दोन स्क्रू हमखास सेलच्या कप्प्यात किंवा एरियलच्या खाली दडलेले असतात. सगळे काढूनही पाठ सुटत नसेल तर पेचकस घालून उचकटू नका. एक राहिलाय.

पाठ सुटली की सरळ ओढू नका. दोन्ही भागांना जोडणाऱ्या वायरी आत असतात: स्पीकरच्या, एरियलची, ट्रान्सफॉर्मरची. फट करून आत पाहा, फोटो काढा, मग सोडवा. प्रत्येक वायर सोडण्याआधी एक फोटो. रंग लक्षात राहतील असं वाटतं, राहत नाहीत.

सावधान. बऱ्याच सेटमध्ये चालू-बंदचा खटका ट्रान्सफॉर्मरच्या नंतर, सेटकडच्या बाजूला असतो. सेट 'बंद' असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या टोकांवर २३० व्होल्ट असतात. आत हात घालायचा तर प्लग भिंतीतून काढलेला आणि नजरेसमोर हवा.

हात लावायचा नाही अशी जागा. रेडिओच्या भागात पत्र्याच्या लहान चौकोनी डब्या दिसतील, वर पिवळी, पांढरी, काळी, लाल रंगाची फिरणारी टोपणं. त्या आयएफटी, म्हणजे रेडिओचा सिग्नल जुळवणारी छोटी कॉइल. 'सैल झालंय' असं वाटून त्या घट्ट करायचा मोह जबरदस्त असतो. त्या सैल नसतात, कारखान्यात जुळवलेल्या असतात. अर्धा फेरा फिरवला की रेडिओ बहिरा होतो आणि सिग्नल जनरेटरशिवाय तो पुन्हा नीट जुळत नाही.

## टप्पा ४ : सेलची गळती

आपल्याकडचे जुने सेल बहुतेक जस्त-कार्बनचे, त्यांची गळती आम्लधर्मी. ती खायच्या सोड्याच्या पाण्याने मारायची. अल्कलाइन सेलची गळती उलट क्षारधर्मी असते, तिला व्हिनेगर किंवा लिंबू. इंटरनेटवर सगळीकडे व्हिनेगर सांगतात ते अल्कलाइनसाठी, ते डोळे झाकून जस्त-कार्बनच्या गळतीवर लावू नका. कोणता सेल होता ते कळत नसेल तर कोरड्या ब्रशने पूड झाडा, सोड्याचं पाणी लावलेला इअरबड एका कोपऱ्यात टेकवा, बारीक फसफस झाली तर गळती आम्लाची.

मग साध्या पाण्याने भिजवलेला बोळा, शेवटी आयसोप्रोपिल, आणि पूर्ण कोरडं. पत्र्यांवर चमक येईपर्यंत बारीक पॉलिश पेपर चालेल. हा पेपर इथेच संपला. हेडवर तो कधीही नाही.

## टप्पा ५ : पहिला करंट, आधी सेलवर

बहुतेकजण इथे थेट मेन्सवर जातात. आधी नवे सेल घाला. सहा मोठे सेल म्हणजे ९ व्होल्ट, आठ म्हणजे १२, दहा म्हणजे १५. सेलवर काही जळालं तरी घर सुरक्षित राहतं, आणि मेन्सचा भाग बाजूला पडल्याने दोषाची जागा अर्ध्यावर येते.

अॅडॅप्टर लावायचा विचार असेल तर मागच्या जॅकजवळचं चिन्ह बघा. त्या काळातल्या पुष्कळ जपानी सेटमध्ये मधली पिन निगेटिव्ह असते. आजचे अॅडॅप्टर बहुधा उलटे, मधली पिन पॉझिटिव्ह. व्होल्ट बरोबर आणि पोलॅरिटी उलटी, एवढ्यावर कित्येक सेट गेले आहेत.

रेडिओवर ठेवा, व्हॉल्यूम कमी, चालू करा. नुसतं 'सूं' आलं तरी अॅम्प्लिफायर जिवंत आहे. काहीच नाही आलं तर आधी मेन्सच्या सॉकेटकडे बघा. त्याच्या आत एक पत्ती असते, वायर लावली की ती सेलची जोडणी तोडते. वर्षानुवर्षं वायर न लावल्याने किंवा न काढल्याने तिथे काजळी धरते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वायर पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. 'सेलवर चालत नाही, मेन्सवर चालतो' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

सेलवर ठीक असेल तरच सिरीज लॅम्पमधून मेन्स. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला किंवा विझला, तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. मुळीच पेटला नाही आणि सेटही मेला, तर फ्यूज, कॉर्ड, ट्रान्सफॉर्मर या क्रमाने प्लग काढून मल्टिमीटरने तपासा.

तपासणी. मेन्सवर जाड भुणभुण आणि सेलवर स्वच्छ आवाज, तर मेन्सनंतरचा मोठा फिल्टर कंडेन्सर गेलाय. दोन्हीकडे भुणभुण असेल तर दोष पुढे कुठेतरी आहे.

## टप्पा ६ : खटके आणि व्हॉल्यूम

कंडेन्सर बदलण्याआधी खटके साफ करा. एक स्पीकर बंद, मध्येच शिट्टी, टेप लावली की घरघर, यांतल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ पीसीबीवरच्या लांबट रेकॉर्ड-प्ले स्विचमध्ये असतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की तो सरकतो. वीस-पंचवीस पिनांची ही पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली असते आणि आतली चांदीची पत्ती काळी पडते. दोन्ही टोकांच्या फटीतून क्लीनरचा एक-एक फवारा, आणि सेट बंद ठेवून स्विच तीसेक वेळा हलवा. त्यानंतर बँड स्विच, मोनो-स्टिरिओ आणि शेवटी व्हॉल्यूम-टोन.

गँगच्या, म्हणजे स्टेशन लावणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या, पात्यांत मात्र फवारा मारायचा नाही. तिथे धूळ असेल तर मऊ ब्रश.

आता कंडेन्सर. 'सगळे बदलून टाका' हा सल्ला नवशिक्यासाठी वाईट आहे. साठ कंडेन्सर बदलताना पीसीबीची दोन-चार तांब्याची पट्टी उचकटतेच, आणि चालता सेट बंद पडला की दोष कुठला ते कळत नाही. फुगलेला, गळलेला, माशासारखा वास येणारा किंवा मोजून गेलेला कंडेन्सर बदला. मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, निगेटिव्हची पट्टी जुन्याच बाजूला. एक बदला, सेट लावून ऐका, मग पुढचा.

## टप्पा ७ : बेल्ट आणि डेक

सगळ्यात जास्त सेट इथे बिघडवले जातात, म्हणून सावकाश.

डेक, म्हणजे कॅसेट चालवणारा भाग, बाहेर काढल्यावर मागे फ्लायव्हील हे जड चाक दिसेल, पितळी मोटर पुलीपासून त्यावर आलेला बेल्ट. तो शाबूत असला तर नशीब. बहुतेकदा त्याचं डांबर झालेलं असतं: बोट लावलं की तार धरतं, बोटावरून नखात, नखातून सदऱ्यावर. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र अंथरा. आधी टूथपिकने कोरडंच खरवडून काढा, मग आयसोप्रोपिलचा इअरबड. सुरुवातीलाच अल्कोहोल लावलं तर काळं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

पुलीच्या खाचेत जरासुद्धा डांबर राहिलं तर तिथे व्यास वाढतो, आणि नवा बेल्ट लावूनही गाणं लहरत राहतं. मग माणूस मोटरला दोष देतो. पुली दिव्यासमोर हळू फिरवून खाच पितळी दिसेपर्यंत पुसा.

फ्लायव्हील काढताना कॅप्स्टनच्या (फ्लायव्हीलला जोडलेल्या, फीत ओढणाऱ्या बारीक दांडीच्या) टोकाचे कागदासारखे वॉशर सांभाळा. किती होते, कुठल्या क्रमाने होते, फोटो.

बेल्टचं माप. जुना बेल्ट तुटका असला तरी त्याचं माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. बेल्टच्या मार्गावरून दोरा फिरवा, लांबी मोजा आणि त्यापेक्षा साधारण पाच टक्के लहान बेल्ट घ्या. चौकोनी जागी चौकोनी, चपट्या जागी चपटा. नोटांच्या बंडलाचा किंवा वेणीचा रबर लावून 'तात्पुरतं' चालवू नका. त्याची जाडी एकसारखी नसते आणि फार घट्ट झाला तर मोटरचं बेअरिंग घासतं.

बेल्टनंतर आयडलर, म्हणजे रबरी टायर असलेलं छोटं चाक. त्याचा रबर चकचकीत झाला की पकड जाते. फीत कॅप्स्टनवर दाबणारा पिंच रोलरसुद्धा तसाच. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, बोळ्याने तपकिरी थर निघेपर्यंत पुसा, स्वच्छ पाणी, कोरडं. रबर तडकलेला असेल तर रोलर बदलायचा. घासून काही होत नाही.

हेड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिलने. बोळा स्वच्छ निघेपर्यंत.

तेल: कॅप्स्टन ज्यात फिरतो त्या बुशमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, वर आलेलं पुसून घ्या. खोबरेल तेल अजिबात नाही, थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. घट्ट पिवळं झालेलं मूळ ग्रीस काढून सरकणाऱ्या पट्ट्यांना प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस लावा. रबराला तेल-ग्रीसचा हात लागला तर पुन्हा पुसा.

तपासणी, कॅसेट न घालता. झाकण उघडं ठेवून प्ले दाबा. उजवी चक्री फिरली पाहिजे. तिला दोन बोटांनी हलकेच धरा: ती थांबेल, आत मोटर चालू राहील, आणि बोटं सोडताच चक्री पुन्हा फिरेल. धरल्याशिवायच अडखळत असेल तर कॅसेट घालू नका. कॅप्स्टन फीत पुढे ढकलत राहतो, चक्री ती गुंडाळत नाही, आणि सगळी फीत रोलरभोवती जमा होते. कॅसेट गुंतण्याचं कारण बहुतेकदा हेच. लोक मात्र कॅसेटला शिव्या देतात.

## टप्पा ८ : स्पीकर आणि बाहेरचं रूप

स्पीकरची वायर सोडून दीड व्होल्टच्या सेलचा क्षणभर स्पर्श करा. 'खट' आवाज आणि कोनची हालचाल दिसली तर कॉइल चांगली. उंदराने कुरतडलेल्या कागदी कोनला टिश्यूचा तुकडा आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल पुरतं. कडेचा फोम भुगा झाला असेल तर त्या मापाची नवी कड मिळते.

बॉडीला भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. थिनर आणि अॅसिटोन प्लास्टिक विरघळवतात. डायलच्या काचेला मात्र आतल्या बाजूने हातच लावू नका. आकडे बहुतेकदा आतून छापलेले असतात आणि आयसोप्रोपिलच्या एका पुसण्यात ८८ ते १०८ सगळं बोळ्यावर येतं. चंदेरी मुलाम्याचं तसंच. वाळवायला उन्हात ठेवू नका, बॉडी वाकडी होते.

## टप्पा ९ : जुळवणी, सगळ्यांत शेवटी

बेल्ट, रोलर आणि हेड साफ होण्याआधी केलेली जुळवणी फुकट जाते.

आधी सेट रद्दी कॅसेटवर पंधरा मिनिटं चालवा. मग वेग. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ३००० किंवा ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट आणि मोबाइलवर फ्रीक्वेन्सी मोजणारं अॅप असलं की काम सोपं: ३००० च्या जागी ३०९० दिसले तर सेट तीन टक्के वेगाने पळतोय. मोटरच्या मागे एका छोट्या भोकात वेग कमी-जास्त करणारा पॉट असतो, बारीक पेचकस आत घालून अगदी किंचित फिरवा. टेस्ट कॅसेट नसेल तर ओळखीचं गाणं मोबाइलवर लावून पट्टी जुळवा, पण एकाच कॅसेटवर भरवसा नको. दोन-तीन वेगवेगळ्या बघा.

मग अॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो, कॅसेट चालू असताना झाकणाच्या भोकातून तो दिसतो. टाळ-झांजा असलेलं भजन लावा, सेट मोनोवर ठेवा आणि स्क्रू पाव फेऱ्याच्या आत दोन्हीकडे फिरवा. एका जागी टाळ लख्ख उघडतात, पुढे गेलं की पुन्हा चादरीखाली जातात. लख्ख जागेवर थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. दुसरा स्क्रू, ज्याला स्प्रिंग नाही, तो हेड धरून ठेवणारा. त्याला हात नको.

डायल तपासायला मुंबईत ९१.१, ९८.३ आणि १०७.१ ही स्टेशनं पुरेशी आहेत. तिन्ही सारख्याच अंतराने सरकलेली असतील तर फक्त काटा दोरीवर सरकवा. एकच चुकत असेल तर सोडून द्या, तो दोष बहुधा आयएफटीचा नसतो आणि तिथे हात घालण्याइतकाही नसतो.

## घरच्या कॅसेट घालण्याआधी

कॅसेटच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या तोडलेल्या आहेत ना, बघा. नसतील तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत ती हमखास धरते. अशी कॅसेट लावली की हेड घाण होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तिचा प्रसाद मिळतो. तिला बाजूला ठेवा. आतला फेल्टचा छोटा पॅड गळून पडलाय का तेही बघा. आवाज दबका येतो तो कधीकधी त्याच्यामुळेच.

## ठेवायचा कसा

सेल काढून. प्लेचं बटण वर, नाहीतर पिंच रोलरला कॅप्स्टनचा खड्डा पडतो. मेन्सची वायर सेटभोवती गुंडाळून ठेवू नका, तिचं मऊ प्लास्टिक बॉडीत उतरतं आणि वायरीचा ठसा कायमचा राहतो. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा. आणि पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनची बॉडी मऊ पडते. ओलाव्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या पुरतात, पावसाळ्यात त्या बदलत जा.